दियारबाकिरच्या मशिदी पाहायला जाताय? पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी थोडी तयारी

उलू जामी या मशिदीच्या बाहेरच्या कमानीखाली मी बूट काढले, मोजे त्यात कोंबले आणि अनवाणी अंगणात शिरले. देवळात जायची सवय, दुसरं काय. जुलै महिना, दुपारचे दोन, आणि अख्खं अंगण काळ्या दगडाचं. चार पावलांत तळवे भाजायला लागले. मागे फिरावं की पुढे पळावं कळेना. हौदाच्या कठड्यावर बसलेले एक आजोबा माझ्याकडे बघत होते. ते काही बोलले नाहीत, फक्त काठीनं आजूबाजूच्या लोकांच्या पायांकडे बोट दाखवलं. सगळ्यांच्या पायात बूट होते.

तर पहिला नियम हाच घ्या: अंगणात बूट घालूनच जायचं. काढायचे ते आत, नमाजाच्या दालनाच्या दारात, जिथे गालिचा सुरू होतो तिथे.

दियारबाकिर आग्नेय तुर्कस्तानात आहे, तैग्रिस नदीच्या काठी. कुर्द लोक या शहराला आमेद म्हणतात, आणि तुर्कस्तानातल्या कुर्दांसाठी याच्याहून मोठं नाव दुसरं नाही. जुनं शहर, म्हणजे सूर, सुमारे सहा किलोमीटर लांबीच्या काळ्या तटबंदीच्या आत आहे. हा तट आणि त्याच्या पायथ्याचे हेवसेल मळे २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. बघण्यासारख्या जवळजवळ सगळ्या जुन्या मशिदी या तटाच्या आत, पायी फिरण्याच्या अंतरावर आहेत. मी दोनदा गेले. एकदा एकटी, आणि दुसऱ्यांदा माझ्या रत्नागिरीच्या मैत्रिणीबरोबर. ती कोकणी मुसलमान आहे, आणि तिच्यामुळे मला पहिल्या वेळी न दिसलेलं बरंच काही दिसलं. ते पुढे येईलच.

१. निघण्याआधी: कागदपत्रं

मशिदीत जायला तिकीट लागत नाही, नावनोंदणी लागत नाही, ओळखपत्रही कुणी मागत नाही. कागदपत्रांची सगळी भानगड त्या आधीची आहे.

- पासपोर्ट, किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला.
- व्हिसा. भारतीय पासपोर्टवर तुर्कस्तानचा ई-व्हिसा सरसकट मिळत नाही. तुमच्याकडे अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेन देशांचा चालू व्हिसा अथवा रहिवासी परवाना असेल तरच तो मार्ग मोकळा. नसेल तर नेहमीचा, पासपोर्टवर चिकटवला जाणारा व्हिसा काढावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. तिकीट काढण्याआधी हे नक्की करा.
- परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि प्रवासविमा, सगळ्यांची छापील प्रत.
- पासपोर्ट आणि व्हिसाच्या दोन झेरॉक्स, मूळ प्रतींपासून वेगळ्या ठेवलेल्या.

इथे एक सापळा आहे. ई-व्हिसा म्हणून शोधलं की सरकारी दिसणारी पण खासगी दलालांची संकेतस्थळं वर येतात. फॉर्म तोच, पैसे दुप्पट-तिप्पट. पत्ता तुर्की सरकारचाच आहे ना, ते तपासून मगच कार्डाचे आकडे टाका. मी एकदा गंडले आहे, म्हणून सांगते.

मुंबईहून इस्तंबूल, तिथून देशांतर्गत विमानानं दियारबाकिर, साधारण दोन तास. सीरियाची सीमा फार लांब नाही, त्यामुळे अंकाऱ्यातल्या भारतीय दूतावासाच्या ताज्या सूचना वाचून घ्या. शहराबाहेरच्या रस्त्यांवर तपासणी नाके असतात. शेजारच्या मार्दीन शहराला वगैरे जाणार असाल तर मूळ पासपोर्ट खिशातच ठेवा.

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बघा. जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, आणि काळा दगड त्यात आपली भर घालतो.

२. पिशवीत काय असावं

बायकांसाठी: मोठी सुती ओढणी, केस आणि गळा नीट झाकेल अशी. रेशमी किंवा जॉर्जेटची नको, सारखी घसरते आणि मग सगळं लक्ष तिच्यातच. पूर्ण बाह्यांचा, सैल कुर्ता आणि सलवार असेल तर काही वेगळं घ्यायलाच नको. मोठ्या मशिदींच्या दारात ओढण्या आणि लांब झगे ठेवलेले असतात, छोट्या मशिदींत नसतात. पुरुषांसाठी: लांब पँट. बर्म्युडा घालून आलेल्याला कुणी हाकलत नाही, पण नजरा सांगतात.

दोघांसाठी: लेस नसलेले बूट (दिवसातून दहा वेळा काढाघाला होते), स्वच्छ मोजे, बूट ठेवायला कापडी पिशवी, सुटी नाणी. सार्वजनिक स्वच्छतागृहांत थोडे पैसे घेतात. छोटी दुर्बीण असेल तर जरूर घ्या. कोरीव काम आणि शिलालेख डोक्याच्या बरेच वर आहेत.

३. पाट्या वाचायला शिका

हे अर्ध्या तासाचं काम आहे, पण रस्ता विचारताना जीव वाचतो. तुर्की आणि कुर्दी दोन्ही रोमन लिपीत लिहितात, पण अक्षरं आपल्या इंग्रजी सवयीनं वाचली की घोळ होतो. सी म्हणजे 'ज'. म्हणून पाटीवर जे 'कॅमी' दिसतं ते 'जामी', म्हणजे मशीद. सीला खाली शेपटी असेल तर 'च', एसला शेपटी असेल तर 'श'. तुर्कीत जीच्या डोक्यावर चंद्रकोर असेल तर ते अक्षर गिळायचं आणि आधीचा स्वर लांबवायचा.

चार कुर्दी शब्द पाठ करा. 'रोजबाश' म्हणजे नमस्कार, 'स्पास' म्हणजे आभार, 'मिझगेफ्त' म्हणजे मशीद. आणि 'नावे ते ची ये?' म्हणजे तुझं नाव काय? होय, नाव म्हणजे नावच. हे मी एका चहावाल्याला सांगितलं तेव्हा त्यानं शेजारच्या तीन दुकानदारांना बोलावून मला पुन्हा म्हणायला लावलं. 'सेर चावान' हे उत्तर वारंवार कानावर पडेल. अर्थ 'डोळ्यांवर', म्हणजे आनंदानं करतो.

४. दिवस अजानच्या हिशेबानं आखा

नवख्यांची सगळ्यात मोठी चूक इथे होते. आपण यादी करतो: नऊला ही, दहाला ती, बाराला ती. मशीद ही वापरातली जागा आहे, तिचं वेळापत्रक सूर्य ठरवतो.

पाच नमाजांपैकी दिवसा फिरणाऱ्याला तीन अडतात: दुपारची ओय्ले, तिसऱ्या प्रहरची इकिंदी आणि सूर्यास्ताची आक्शाम. तुर्कस्ताननं २०१६ पासून हिवाळ्यात घड्याळ मागे घेणं बंद केलं, त्यामुळे दुपारची नमाज वर्षभर साडेबाराच्या आसपासच राहते. बाकीच्या दोन मात्र ऋतूप्रमाणे सरकतात. सूर्यास्त जूनमध्ये पावणेआठला, डिसेंबरात पाचला. मशिदीच्या भिंतीवर लाल आकड्यांचा विजेवर चालणारा फलक असतो, त्यावर त्या दिवसाच्या पाचही वेळा दिसतात. सकाळी पहिल्याच मशिदीत त्याचा फोटो काढून ठेवा, दिवसभराचं काम झालं.

पाहण्यासाठी उत्तम वेळ सकाळी नऊ ते साडेअकरा, आणि दुपारच्या नमाजानंतर अर्ध्या तासानं पुन्हा. जमात, म्हणजे सामूहिक नमाज, सुरू असताना पाहुण्यांनी आत जाऊ नये. अंगणात, ओवरीत बसायला हरकत नसते.

शुक्रवारी बारा ते दोन मशिदी यादीतून काढून टाका. उलू जामीत त्या वेळी रांगा अंगणापर्यंत येतात. पहिल्या खेपेला मी नेमकी तेव्हाच भिंतीशी अडकले आणि पाऊण तास एका खांबाच्या मागे मुटकुळं करून बसले. कुणी रागावलं नाही, पण मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शुक्रवारचं प्रवचन, खुतबा, ही तिथे एक नाजूक गोष्ट आहे हेही माहीत असू द्या. तुर्कस्तानातले इमाम सरकारी धर्मखात्याचे, दियानेतचे, पगारी नोकर असतात आणि प्रवचन तुर्कीत होतं. २०११ मध्ये इथल्या बऱ्याच कुर्दांनी त्याला विरोध म्हणून मशिदीबाहेर, चौकात, कुर्दी प्रवचनाची वेगळी जुम्याची नमाज सुरू केली होती. म्हणून 'तुमचे इमाम कुठल्या भाषेत बोलतात?' हा प्रश्न आपल्याला साधा वाटला तरी साधा नाही. समोरचा बोलला तर ऐका, आपण उकरू नका.

५. पहिली सकाळ: नेबी जामी ते उलू जामी

तटाच्या उत्तरेकडच्या दाकापी दरवाजापाशी उतरा आणि गाझी रस्त्यानं दक्षिणेला चालू लागा. सुरुवातीलाच नेबी जामी लागते. आत फार वेळ घालवू नका, मिनार बघा: एक थर काळा, एक थर पांढरा. १५३० साली एका हाजी हुसेन नावाच्या खाटकानं तो बांधून दिला. सुलतान-पाशांच्या गर्दीत हे एक नाव मला फार आवडतं.

हे काळे-पांढरे पट्टे आता शहरभर दिसत राहतील. पांढरा तो चुनखडीचा. काळा तो बेसॉल्ट, म्हणजे आपलाच काळा पाषाण. शहराच्या नैऋत्येला काराजादा नावाचा जुना ज्वालामुखी आहे, त्याच्या लाव्हाचा. सह्याद्रीतले किल्ले पाहिलेल्या माणसाला इथे ओळखीचं वाटतं ते यामुळेच. गवंडी लोक त्या दगडात 'नर' आणि 'मादी' असे दोन प्रकार करतात. नर म्हणजे घट्ट, पाणी न पिणारा. मादी म्हणजे भोकाभोकांचा, पाणी धरून ठेवणारा. अंगणात मादी दगड घालतात आणि उन्हाळ्यात संध्याकाळी त्यावर पाणी मारतात, की तो हळूहळू गारवा सोडतो. शेणसड्यानंतरच्या अंगणासारखा.

पुढे उजव्या हाताला उलू जामी. कुर्दीत मिझगेफ्ता मेझिन, थोरली मशीद. इथे दीड-दोन तास राखून ठेवा.

पूर्वेच्या दारात थांबून वर बघा. कमानीच्या दोन्ही बाजूंना सिंह बैलावर झडप घालतोय. मशिदीच्या दारावर प्राण्यांची शिल्पं! मग अंगणात या. ६३९ मध्ये शहर अरबांच्या हाती गेलं. मशिदीच्या जागी आधी संत थॉमसचं चर्च होतं अशी परंपरा सांगतात. आज जी इमारत दिसते तिची मांडणी १०९१-९२ मधली, सेल्जुक सुलतान मलिकशहाच्या काळातली. दमास्कसची उमय्या मशीद पाहिलेल्यांना ती लगेच आठवेल: लांबट, रुंद दालन, समोर मोठं अंगण. पुढे १११५ च्या आगीत आणि भूकंपात नुकसान झालं आणि त्यानंतरच्या दुरुस्तीत अंगणाच्या पश्चिम आणि पूर्व बाजूचे दर्शनी भाग उभे राहिले.

त्या दर्शनी भागांसमोर उभं राहून दुर्बीण लावा. खांब रोमन-बायझंटाईन काळातले, कुठून कुठून काढून आणून बसवलेले, माथ्यावर पानांची ग्रीक धाटणीची नक्षी. त्यांच्यामध्ये कूफी अरबी अक्षरांचे पट्टे. एक खांब दुसऱ्यासारखा नाही. कुणी तरी जुन्या वाड्याचे खांब नव्या घराला लावावेत आणि ते इतके शोभावेत की जुनं-नवं करायचं मन होऊ नये, तसं. अंगणात एक सूर्यघड्याळही आहे. ते अल-जझारीनं केलं असं लोक सांगतात. हा यंत्रकार बाराव्या-तेराव्या शतकात इथल्याच आर्तुक राजांच्या पदरी होता. मिनार मात्र गोल नाही, चौकोनी आहे.

इराणी प्रवासी नासिर खुसरो १०४६ मध्ये इथे आला होता. अरब, इराणी, हिंदू, तुर्क देशांत कितीक किल्ले पाहिले पण आमिदसारखा पाहिला नाही, असं त्यानं नोंदवलं. आमिद म्हणजे हेच शहर.

आता मैत्रिणीची गोष्ट. अंगणाच्या दक्षिणेचं मोठं दालन हनफी पंथाच्या नमाजासाठी, आणि उत्तर बाजूला शाफिईंचा वेगळा भाग. बहुतेक सुन्नी कुर्द शाफिई आहेत, तुर्क हनफी. मैत्रिणीनं पाटी वाचली आणि माझ्या दंडाला चिमटा काढला, 'अगो, हे आमचेच!' कोकणातले मुसलमानही शाफिई, आणि भारतात बाकी बहुतेक ठिकाणी हनफी असल्यानं तिला प्रवासात असा योग क्वचित येतो. नंतर तिनंच दाखवलं: रुकूत वाकण्याआधी आणि उठल्यावर शाफिई दोन्ही हात खांद्यापर्यंत उचलतात, हनफी उचलत नाहीत. एकाच अंगणाच्या दोन बाजूंना दोन रीती, शतकानुशतकं. एकटी गेले होते तेव्हा मला हे सगळं 'नमाज' एवढंच दिसलं होतं.

मशिदीला लागूनच उत्तरेला मेसुदिये मदरसा आहे, आर्तुक काळातला, ११९०च्या दशकात सुरू झालेला. दार उघडं मिळालं तर आतल्या मिहराबच्या, म्हणजे मक्केची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याच्या, दोन्ही कडांचे बारीक खांब बघा. ते फिरतील असे बसवले होते. इमारत खचली तर खांब फिरायचा थांबेल आणि गवंड्यांना कळेल, ही युक्ती.

थकलात तर समोर रस्ता ओलांडला की हसन पाशा हान, १५७०च्या दशकातली सराई. न्याहारीची वीस-पंचवीस ताटल्यांची पंगत मांडतात. दोघांनी एकाचीच मागवावी. मी तर मशिदीबाहेरच्या बुटक्या चौरंगावर बसून नुसता काळा चहा पसंत करते. त्याला तिथे 'काचाक' म्हणजे चोरटा चहा म्हणतात, सीमेपलीकडून चोरून यायचा म्हणून. आता दुकानात मिळतो, पण नाव तेच राहिलंय.

६. आत शिरल्यावर

बूट काढताना एक बारकावा. उंबऱ्यापाशी बुटांची जागा आणि गालिचा यांच्यात सीमा असते. बुटातून काढलेला पाय थेट गालिच्यावर, आणि बूट हातात, त्यांचे तळ एकमेकांना लावून. मोज्यांनी बुटांच्या जागेवर उभं राहून मग गालिच्यावर जाऊ नका. लोक तिथे कपाळ टेकतात.

नमाज पढणाऱ्याच्या समोरून जायचं नाही, मागून वळसा घाला. बसलात तर पाय मिहराबच्या दिशेला पसरू नका. मिंबरच्या, म्हणजे प्रवचनाच्या उंच आसनाच्या, पायऱ्या फोटोसाठी नसतात. कुराण दिसलं तर हात लावू नका. माणसांचे फोटो विचारून, नमाजातल्या माणसांचे मुळीच नाहीत.

बायकांची जागा बहुधा वरच्या सज्ज्यात किंवा मागे पडद्याआड असते. नमाजाची वेळ नसेल तर उलू जामीसारख्या ठिकाणी बायका मुख्य दालनातही हिंडतात. छोट्या मशिदीत आधी दारातल्या माणसाकडे बघून हातानंच विचारा, आत येऊ का?

आणि हा सापळा कुठल्याच पुस्तकात मला सापडला नव्हता: परक्या बाई-पुरुषाचा त्वचेला त्वचेचा स्पर्श झाला तर शाफिई पंथात वजू, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुऊन केलेली शुद्धी, मोडते. म्हणजे हौदावर हातपाय धुऊन नमाजाला निघालेल्या गृहस्थापुढे मी मोठ्या सौजन्यानं हस्तांदोलनाला हात केला, तर त्या बिचाऱ्याला परत जाऊन सगळं धुवावं लागणार. पहिल्या खेपेला एका म्हाताऱ्या मेलेनं (कुर्द मौलवींना मेले म्हणतात) माझा पुढे केलेला हात बघून स्वतःचा हात छातीवर ठेवला तेव्हा मला तुटकपणा वाटला होता. मैत्रीण हसली. 'वजूत असतील गं.' तेव्हापासून मीच आधी छातीवर हात ठेवते. सगळीकडे चालतं.

७. दुपार: पश्चिमेच्या गल्ल्या

गाझी रस्त्याच्या पश्चिमेला गल्ल्यांत शिरा. इथे फोनवरचा नकाशा चक्रावतो, मिनार बघत चालणं सोपं.

साफा जामी आधी. पंधराव्या शतकातली, आक कोयुनलूंच्या काळातली, १५३२ मध्ये डागडुजी झालेली. आक कोयुनलू हे एक तुर्कमान राजघराणं, नावाचा अर्थ पांढऱ्या मेंढ्यांवाले. त्यांचे वैरी कारा कोयुनलू, काळ्या मेंढ्यांवाले. गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीचा मूळ पुरुष सुलतान कुली त्या काळ्या मेंढ्यांवाल्यांच्या वंशातला, म्हणजे या भांडणाचं एक टोक दख्खनपर्यंत येतं. साफाचा मिनार शहरातला सगळ्यात नाजूक, खालपासून वरपर्यंत कोरलेला. याच्या चुन्यात सुगंधी वनस्पती कालवल्या होत्या आणि वास टिकावा म्हणून मिनाराला गवसणी घालून फक्त शुक्रवारी ती काढत, असं गल्लीतलं पोरसुद्धा सांगतं. मी भिंतीला नाक लावून पाहिलं. धुळीचा वास आला.

पुढे बेहराम पाशा जामी, १५७२ मध्ये पुरी झालेली, उस्मानी (ऑटोमन) काळातली. आतला एकच प्रचंड घुमट आणि पट्ट्यापट्ट्यांच्या भिंती. इथे दालनाच्या मध्ये उभं राहून काही न करता पाच मिनिटं थांबा. उन्हातून आल्यावर हवा किती थंड लागते ते बघा. मेलेक अहमद पाशा जामी वेळ उरला तरच. तिचं नमाजाचं दालन वरच्या मजल्यावर आहे.

बेहराम पाशाच्या जवळच देंगबेज घर आहे, २००७ मध्ये सुरू झालेलं. देंगबेज म्हणजे कुर्दी पोवाडे-आख्यानं वाद्याशिवाय गाणारे. मशिदीशी संबंध नाही, पण पाय दुखत असताना अर्धा तास बसायला याहून चांगली जागा नाही.

गल्लीत पोरं मागे लागतात आणि इतिहास घडाघडा म्हणून दाखवतात. ऐकायचं असेल तर पैसे आधी ठरवा.

८. दुसरा दिवस: पूर्वेची बाजू

सकाळी ईशान्येच्या कोपऱ्यातल्या इचकालेत, म्हणजे बालेकिल्ल्यात जा. तिथली हझरत सुलेमान जामी ११५०-६०च्या दशकांतली. अरब सेनापती खालिद बिन वलीदचा मुलगा सुलेमान आणि त्याचे सोबती, असे सत्तावीस सहाबी, म्हणजे पैगंबरांचे साथी, इथे पुरले आहेत अशी श्रद्धा आहे. गुरुवारी बायकांची झुंबड असते. नुसती वास्तू बघायची असेल तर गुरुवार टाळा. श्रद्धेचा दियारबाकिर बघायचा असेल तर गुरुवारीच जा. आपल्याकडच्या दर्ग्यांवर गेलेल्याला तिथलं वातावरण परकं वाटणार नाही. त्याच आवारात पुरातत्त्व संग्रहालय आणि सेंट जॉर्जचं जुनं चर्च आहे.

मग दक्षिणेला फातिह पाशा जामी आणि पुढे शेख मुताहर मशिदीचा चारपायी मिनार. फातिह पाशा ही शहरातली पहिली उस्मानी मशीद, १५१६ ते १५२० मधली. या भागात जुने नकाशे आणि जुनी प्रवासवर्णनं विसरा. २०१५-१६ मध्ये इथे कुर्दी बंडखोर आणि सुरक्षा दलांत लढाई झाली, महिनोन्महिने संचारबंदी होती, आणि त्यानंतर मोहल्लेच्या मोहल्ले पाडून नव्यानं बांधले. फातिह पाशा मशिदीचंही नुकसान झालं, ती दुरुस्त केली आहे. नवी घरं सारखी, रस्ते रुंद, दगडाचा मुलामा चढवलेला. गल्ली शोधत आलेला माणूस एकदम मोकळ्या रस्त्यावर उभा राहतो आणि त्याला वाटतं आपण चुकलो.

मिनार १५०० सालचा. मशिदीपासून सुटा, रस्त्याच्या मधोमध, चार अखंड दगडी खांबांवर उभा. कुर्दीत त्याला चारलिंग म्हणतात. हसू नका, कुर्दीत लिंग म्हणजे पाय. चार पाय म्हणजे सुन्नींचे चार पंथ असं सांगतात, आणि खालून सात वेळा गेलं की इच्छा पुरी होते असंही. मैत्रीण सातदा गेली, मी मोजत उभी राहिले. खांबांकडे नीट बघा, गोळ्यांच्या खुणा आहेत. २८ नोव्हेंबर २०१५ रोजी दियारबाकिर वकील संघाचे अध्यक्ष ताहिर एल्ची याच मिनारापाशी, या वास्तूचं रक्षण करा असं सांगणारं निवेदन करत असताना गोळी लागून मारले गेले. तिथे हसरे फोटो काढताना हे ध्यानात असू द्या. पोलीस, चिलखती गाड्या, चौक्या यांचे फोटो कुठेच काढू नका. ड्रोन तर नेऊच नका.

इथून दोन मिनिटांवर सुर्प गिरागोस हे आर्मेनियन चर्च आहे, दुरुस्तीनंतर २०२२ मध्ये पुन्हा उघडलेलं. तेही बघा. दगड तोच, आणि बऱ्याचदा घडवणारे हातही तेच.

९. नव्या शहरातल्या मशिदी

याला अर्धा दिवस पुरे. तटाबाहेर पश्चिमेला कायापिनार, बालार हे नवे भाग, उंच इमारतींचे. बस किंवा दोलमुश, म्हणजे शेअर गाडी, दाकापीजवळून मिळते. इथल्या मशिदी काँक्रीटच्या, इस्तंबूलच्या धाटणीचे एकावर एक घुमट, टोकदार पेन्सिलीसारखे मिनार. सलाहद्दीन एय्युबीच्या नावाची मोठी मशीद त्यातलीच. जेरुसलेम जिंकणारा हा सुलतान कुर्द होता, पण त्याच्या नावाच्या मशिदीचं रूप मात्र इस्तंबूलचं. काळा दगड दिसलाच तर वरवरचा. मला त्या देखण्या वाटत नाहीत.

तरी जा, कारण शहर राहतं इथे. आणि सोयी खऱ्या अर्थानं इथेच आहेत: बायकांसाठी ऐसपैस वेगळी जागा, स्वच्छ स्वच्छतागृह, वजूला कोमट पाणी. गालिच्यावर रांगांच्या रेघा विणलेल्या असतात. माझी मैत्रीण जुन्या शहरात दोन दिवस सज्ज्याच्या कोपऱ्यात नमाज पढत होती. इथे येऊन म्हणाली, चला, पाय पसरायला जागा मिळाली. बायकांच्या दालनातच एका आजीबाईंनी आम्हाला बसवून घेतलं, पिशवीतून जर्दाळू काढून दिले आणि भाषा येत नसताना अर्धा तास गप्पा मारल्या. 'नावे ते ची ये'पासून सुरुवात झाली.

१०. शेवटची संध्याकाळ

परतीचं विमान सकाळचं असेल तर आदल्या संध्याकाळी पुन्हा उलू जामीच्या अंगणात या, सूर्यास्ताची नमाज सुटल्यावर. तोवर दगड निवलेला असतो. म्हातारी माणसं कठड्यांवर येऊन बसतात, पोरं हौदाभोवती पळापळी खेळतात. बूट काढायची घाई करू नका. पण काढलेच, तर आता पाय भाजणार नाहीत.